मास्कच्या डब्यातल्या गुळपोळ्या

सेंट जॉन नावाच्या कॅरिबियन बेटावरच्या एका गाढवाला माझ्या हातच्या गुळपोळ्या मनापासून आवडतात. आमच्या घरात असं अजून कुणीही म्हटलेलं नाही.

तर त्याचं झालं असं. माझे बाबा नागपूरच्या एका कॉलेजात जन्मभर प्राणिशास्त्र शिकवत होते. नागपूर म्हणजे देशाच्या मधोमध, कुठल्याही दिशेला निघा, समुद्र लांबच! त्यामुळे बाबांचा सगळा समुद्र प्रयोगशाळेतल्या एका कपाटात, फॉर्मॅलिनच्या बरण्यांमध्ये मुक्कामाला असायचा. त्यातला त्यांचा लाडका म्हणजे तारामासा. ‘तारामासा हा मासा नाही,’ या वाक्याने दरवर्षी त्यांचा तास सुरू व्हायचा आणि मग तो मासा नाही तर कोण आहे, हे ते घंटा होऊन गेल्यावरही सांगत राहायचे. त्याचा तुटलेला हात पुन्हा कसा उगवतो, तो स्वतःचं पोट तोंडातून बाहेर काढून कसा जेवतो, हे सगळं आम्ही घरी वरणभातासोबत ऐकलेलं आहे. (पाहुण्यांनीही ऐकलेलं आहे. ते पाहुणे पुन्हा जेवायला आले नाहीत.) पण इतकं करून जिवंत तारामासा बाबांनी कधी पाहिलाच नव्हता.

आई गेल्यानंतर बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे टेक्सासला, शुगर लँडला राहायला आले. “हे एवढंच हं. पुन्हा इतका प्रवास हे गुडघे करणार नाहीत,” असं त्यांनी विमानतळावरच जाहीर केलं. त्यांची परत जायची तारीख जवळ यायला लागली तशी मी त्यांच्या मागे लागले.

“बाबा, काय बघायचंय ते सांगा ना! न्यूयॉर्क? ग्रँड कॅनियन? नायगारा?”

बाबांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि अगदी हळू विचारलं, “जिवंत तारामासा दिसेल का गं कुठे?”

“बाबा, सोपं आहे,” माझा नवरा मकरंद म्हणाला. “अर्ध्या तासावर मस्त ॲक्वेरियम आहे.”

“ती मोठी बरणीच झाली की हो, जावईबापू.”

त्याच आठवड्यात मी तिकिटं काढली. सेंट जॉन अमेरिकेचंच बेट आहे, एवढंसं. तिथल्या एका प्रसिद्ध किनाऱ्यावर पाण्याखाली चक्क पायवाट आखलेली आहे. आपण वर तरंगत राहायचं आणि खाली वाचायच्या पाट्यासुद्धा आहेत! बाबा तरुणपणी तलावात पोहलेले, त्यामुळे तरंगायची काळजी नव्हती. काळजी होती डोळ्यांची. चष्मा काढला की बाबांना मी आणि फ्रिज यांतला फरक कळत नाही. म्हणून मी त्यांच्या नंबरच्या काचा बसवलेला स्नॉर्कलिंगचा मास्क खास बनवून घेतला. तो आला तेव्हापासून बाबा सोफ्यावर मास्क लावून पेपर वाचायला लागले. “सराव करून राहिलोय,” असं विचारणाऱ्याला सांगायचे. मास्कला गादी लावलेला एक छान कडक डबाही होता.

आणि इथेच माझी बुद्धी फिरली. नुकतीच संक्रांत झाली होती आणि मी गुळपोळ्या केल्या होत्या. बॅगेत गुळपोळी घातली की पोचेपर्यंत तिचा चुरा होतो, हे कुणालाही ठाऊक आहे. डबा कडक होता. त्यात मास्कच्या आजूबाजूला जागा होती. प्रवासात रिकामी जागा म्हणजे पाप, ही मला माहेरची शिकवण!

“मेघा, तू मास्कच्या डब्यात गुळपोळ्या भरतेयस?” मकरंदने विचारलं.

“फॉइलमध्ये आहेत. तूप नाही लागणार.”

“पण का?”

“का म्हणजे? जागा होती!”

मकरंद पुण्याचा आहे. त्याने फक्त भुवया वर केल्या.

बाबा हे ऐकत होते. “गाढव कुठली,” ते प्रेमाने म्हणाले. हे माझं लहानपणापासूनचं नाव. जीवशास्त्राच्या पेपरात मी गांडुळाला हाडं काढली होती तेव्हापासूनचं. पुढे मी कॉम्प्युटरकडे गेले, तेव्हा ते म्हणाले होते, “बरं झालं. प्राणी वाचले.”

आता बेटावर चला. बोटीतून उतरलो आणि आधी भाड्याची जीप घ्यायला गेलो. काउंटरवर फुलाफुलांच्या ड्रेसमधल्या एक बाई बसल्या होत्या. मी कामाची बाई. सरळ म्हटलं, “आमचं बुकिंग आहे.”

“गुड मॉर्निंग,” त्या म्हणाल्या.

“हो, बुकिंग आहे आमचं. जीपचं.”

“गुड मॉर्निंग,” त्या पुन्हा म्हणाल्या, अगदी शांतपणे.

मला वाटलं, यांना ऐकू कमी येतं. मी मोठ्याने ओरडले, “जीप! बुकिंग!”

तेवढ्यात मागून बाबांचा वर्गात घुमणारा आवाज आला, “गुड मॉर्निंग, मॅडम!”

“गुड मॉर्निंग, पापा!” बाई खुर्चीतून उठल्याच. “हाऊ आर यू टुडे?” मग त्यांनी बाबांना खुर्ची दिली, थंड पाणी दिलं, गुडघ्यांची चौकशी केली आणि बोलता बोलता किल्लीही दिली. त्या बेटावर कुणालाही काहीही विचारण्याआधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचं असतं. दुपारी ‘गुड आफ्टरनून’. त्याशिवाय माणूस माणसाशी बोलायला लागत नाही.

“आई, दॅट वॉज सो एम्बॅरसिंग,” आमची पंधरा वर्षांची ईरा म्हणाली. माझ्याबद्दल तिचं एरवीही हेच मत असतं.

किल्ली देताना बाईंनी बजावलं, बाकी अमेरिकेत उजव्या बाजूने, पण इथे गाडी डाव्या बाजूने चालवायची. मी हसलेच! डाव्या बाजूने? अहो, नागपुरात डाव्या बाजूने मोपेड चालवत मी लहानाची मोठी झाले! मकरंदच्या हातातून किल्ली घेतली आणि म्हटलं, “बस शेजारी. बघ कशी नेते.”

माझ्या एक लक्षात आलं नाही. रस्त्याची बाजू आपल्याकडची, पण गाडी अमेरिकेतली. म्हणजे स्टिअरिंगही डावीकडेच! मला दिसत होता फक्त कडेचा खड्डा आणि समोरून येणारी वाहनं दिसत होती मकरंदला. रस्ते असे उभे चढाचे आणि वळणांचे, की पुढचं वळण मागच्या खिडकीतून दिसावं.

“येतंय! येतंय!” मकरंद ओरडायचा.

“काय येतंय?”

“आलं! गेलं!”

“अरे, आधी सांग ना काय ते!”

“यार मेघा, सांगेपर्यंत ते येतंय!”

मागच्या सीटवर बाबा मात्र मजेत होते. मध्येच एक करड्या रंगाचा प्राणी सुर्रकन रस्ता ओलांडून गेला आणि बाबा जवळजवळ खिडकीतून बाहेर पडले. “मुंगूस! अगं, आपल्याकडचं मुंगूस!” मग त्यांनी सांगितलं, की उसाच्या मळ्यांतले उंदीर मारायला गोऱ्या मळेवाल्यांनी ही मुंगसं हिंदुस्थानातून आणवली. पण उंदीर रात्री फिरतो आणि मुंगूस दिवसा. दोघांची भेटच होईना! “आपल्या कितीतरी आधी आलंय हे इकडे,” बाबा म्हणाले. “आणि व्हिसाची कटकट नाही.” मुंगूस दिसलं की दिवस चांगला जातो असं आपल्याकडे मानतात. बाबा असलं काही मानत नाहीत, तरी त्यांनी मान वळवून ते दिसेनासं होईपर्यंत पाहिलं.

वाटेत एका जुन्या साखर कारखान्याचे अवशेष लागतात. दगडी पवनचक्की, उसाचा रस आटवायच्या मोठ्या चुली. आम्ही शुगर लँडचे, म्हणजे साखरेच्याच गावचे, तेव्हा थांबणं भाग होतं. मी जीप झाडाखाली लावली. काचा उघड्याच ठेवल्या, कारण उकडत होतं. आम्ही पवनचक्कीकडे गेलो, आणि बाबा पाटी वाचायला लागले. गुलाम आणि गाढवं यांच्या पाठीवर हा सगळा कारखाना चालत होता, असं त्यावर होतं. गुलामांच्या लेकरा-नातवंडांनी पुढे बेट आपलं केलं आणि गाढवं मोकळी सुटली. आता ती बेटभर आपल्या मर्जीने हिंडतात. बाबा बराच वेळ त्या पाटीसमोर उभे राहिले.

“आई?” ईराचा आवाज आला. “देअर्स अ डाँकी इन अवर कार.”

वळून पाहिलं. गाढवाचं अर्धं अंग बाहेर होतं, उरलेलं जीपमध्ये. शेपूट समाधानाने हलत होतं.

“शुक! शुक!” मी धावले. मकरंदही धावला. त्याने डोकं लढवून पलीकडच्या बाजूने ढकलायचं ठरवलं आणि दार उघडलं. त्याबरोबर गाढवाला आणखी आत यायला जागा झाली!

“अरे, बंद कर ते!”

“बंद कसं करू? तोंड आहे त्याचं मध्ये!”

“ईरा, फोटो काय काढतेस? मदत कर!”

“आय ॲम हेल्पिंग! धिस इज एव्हिडन्स!”

अखेर गाढवाने स्वतःच माघार घेतली. शांतपणे डोकं बाहेर काढलं. त्याच्या दातांत नागपूरच्या साडीच्या दुकानाची कापडी पिशवी होती. पिशवीत मास्कचा डबा होता. गाढव आणि गूळ यांच्याबद्दल आपल्याकडे जे बोललं जातं ते साफ चूक आहे, हे मी शपथेवर सांगू शकते. एवढ्या सामानातून, कडक डब्यातून, फॉइलमधून त्याने माझी गुळपोळी हुडकली होती!

“मेघा,” बाबा एवढंच म्हणाले, “माझे डोळे चालले गं.”

गाढव दुडक्या चालीने रस्त्याला लागलं होतं. आम्ही जीपमध्ये उड्या मारल्या. आता दृश्य असं, की सर्वांत पुढे साडीची पिशवी घेतलेलं गाढव, रस्त्याच्या बरोबर मधून. (डावी की उजवी, हा प्रश्न त्याने कायमचा सोडवला होता.) त्यामागे मी. माझ्यामागे गाड्यांची रांग वाढत होती. हॉर्न मात्र कुणीही वाजवत नव्हतं, उलट हात करत होते. त्यांना बहुधा वाटलं, ही आमची मिरवणूकच आहे!

“ओव्हरटेक कर!” मकरंद.

“गाढवाला? मग पुढे जाऊन काय करू?”

“आडवी घाल गाडी!”

“समोरून काय येतंय?”

“येतंय! येतंय!”

एका वळणावर गाढव दिसेनासं झालं. तिथे झाडाखाली एक आजीबाई शहाळी विकत बसल्या होत्या. मी करकचून ब्रेक लावला आणि खिडकीतून ओरडले, “गाढव! आमची बॅग घेऊन गेलं! कुठे गेलं?”

“गुड आफ्टरनून,” आजीबाई म्हणाल्या.

“अहो, बॅग! माझ्या वडिलांचे डोळे आहेत त्यात!”

“गुड आफ्टरनून,” आजीबाईंनी सुरी खाली ठेवली.

“मेघा,” मकरंद कळवळून म्हणाला, “आधी गुड आफ्टरनून म्हण गं!”

“गुड आफ्टरनून!” आम्ही चौघेही एका सुरात ओरडलो, प्रार्थनेला उभं राहिल्यासारखे.

आजीबाई प्रसन्न हसल्या. गाढव ना? ते या पायवाटेने खाली खाडीवर गेलं असेल. दुपारी तिथल्या सावलीत असतं. जा, पण शहाळं पिऊन जा! बाबा म्हणाले, परत येताना नक्की. आणि जीपमधून उतरून चालायलाच लागले. गुडघे दुखणारा माणूस त्या उतारावरून सगळ्यांच्या पुढे होता. उद्या सकाळी परतीचं विमान होतं. आजचा दिवस गेला तर बाबांचा तारामासा कायमचा बरणीतच राहणार होता, आणि तोही माझ्या गुळपोळीपायी.

पायवाट संपली तिथे एक लहानशी खाडी होती. माझ्या कार्यक्रमात नसलेली. ना पाट्या, ना छत्र्या. पाच-सात माणसं इकडेतिकडे पहुडलेली आणि झाडाच्या सावलीत आमचं गाढव! डबा उघडा पडला होता. फॉइल वेगळी काढून ठेवावी तशी बाजूला होती. शेवटची गुळपोळी त्याच्या तोंडात निम्मी आत आणि निम्मी बाहेर होती. मी मास्क उचलला. पट्टा चावून टाकलेला, एक काच निखळून कुठेतरी गेलेली. उरलेली काच गाढवाने चाटून अशी लख्ख केली होती, की मला तशी कधी जमली नसती.

मी वाळूत बसकण मारली आणि मला रडूच आलं. हसू नका, पण खरंच आलं. मी एवढी व्यवस्था करणारी बाई! विमान, बोट, जीप, नंबरचा मास्क, सगळं केलं आणि शेवटी जागा होती म्हणून त्यात पोळ्या कोंबल्या.

“सॉरी, बाबा,” मी नाक पुसत म्हटलं. “बाबा?”

बाबा तिथे नव्हतेच. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते पाण्यात उभे होते. पाणी जेमतेम पोटऱ्यांपर्यंत होतं आणि एवढं नितळ, की नाकावरच्या रोजच्या चष्म्यातून तळ दिसत होता. बाबा मान खाली घालून अजिबात न हलता उभे होते.

“मेघा, इकडे ये,” ते हळू आवाजात म्हणाले. “हळू ये. पाणी ढवळू नको.”

मी गेले. मकरंद आणि ईराही आले. तळाशी समुद्री गवत होतं आणि त्या गवतात जेवणाच्या ताटलीएवढा, जाडजूड, लख्ख नारिंगी रंगाचा तारामासा. पलीकडे आणखी एक. त्याच्या पलीकडे पिवळसर, आणि एक विटकरी.

“हा मासा नाही,” बाबा पुटपुटले. सवयीने. मग त्यांना पुढचं वाक्य सुचेना. जन्मभर तो तास घेतलेला माणूस! थोड्या वेळाने ते खाली वाकून त्या तारामाशालाच म्हणाले, “माफ कर बाबा. मी पोरांना सांगत आलो, तुझा रंग मातकट असतो म्हणून. बरणीत तसाच दिसायचा ना तू.”

तारामासा सरकत होता. निदान बाबा तसं म्हणत होते. आम्हाला तो ढिम्म दिसत होता. बाबांनी आम्हाला तिथेच उभं केलं, एका गवताच्या पात्यावर नजर ठेवायला सांगितली आणि खरंच, बऱ्याच वेळाने ते पातं त्याच्या हाताखाली गेलेलं होतं!

“वेट, हाऊ?” ईरा वाकली. “आजोबा, त्याला पाय आहेत?”

झालं! बाबांना गमावलेला वर्ग परत मिळाला. नलिकापाद म्हणजे त्याचे नळीसारखे बारीक पाय, ते पाणी भरून कसे चालतात, हे सुरू झालं. मराठीतून सुरू झालेला तास ईरासाठी इंग्रजीत गेला आणि ते ऐकून पहुडलेली माणसं एकेक करून पाण्यात आली. बाबांनी प्रत्येकाचं “गुड आफ्टरनून” म्हणून स्वागत केलं. एका दांडग्या गृहस्थाने तारामासा उचलायला हात घातला, तर बाबा कडाडले, “यू, इन द रेड कॅप! नो टचिंग! ही ब्रीद्स इन वॉटर ओन्ली!” लाल टोपीवाल्याने हात चटकन मागे घेतला आणि चक्क “सॉरी, सर” म्हणाला. पुढे बाबा तारामाशाच्या जेवणापर्यंत आले आणि पोट बाहेर काढून दाखवायचा त्यांचा तो जुना अभिनय त्यांनी केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या पाहुण्यांपेक्षा ही माणसं बरीच दणकट निघाली.

ती पाण्याखालची प्रसिद्ध पायवाट राहिलीच. माझ्या कार्यक्रमातलं सूर्यास्त बघायचं ठिकाणही राहिलं. सावल्या लांब होईपर्यंत आम्ही त्या पोटरीभर पाण्यात होतो. मग ईराने तिच्या आजोबांना हाताला धरून चढ चढवला आणि वर आजीबाईंकडे सगळ्यांनी दोन-दोन शहाळी प्यायली. मी पहिल्याच फटक्यात “गुड आफ्टरनून” म्हटलं. त्या म्हणाल्या, “गुड इव्हिनिंग.” तोपर्यंत वेळ बदललेली होती!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही घराजवळच्या ह्यूस्टन विमानतळावर उतरलो. पार्किंगमध्ये आमची गाडी शोधली, सामान भरलं. फुटका मास्क बाबांनी स्वतःच्या बॅगेत ठेवला होता, नागपुरात कपाटात ठेवणार म्हणून. मी स्टिअरिंगवर बसले तेव्हा मागून बाबा म्हणाले, “मेघा, एक सांगायचं होतं. इतकी वर्षं मी तुला गाढव म्हणत आलो. ते चुकलंच माझं.”

मी किल्ली सोडून मागे वळले. “असू द्या हो, बाबा.”

“नाही, नाही. कबूल केलं पाहिजे,” बाबा गंभीरपणे म्हणाले. “गाढवाला वाट माहीत असते.”

मकरंद एवढा हसला, की त्याने सीटबेल्ट सोडला आणि पुन्हा लावला. दाखवतेच आता यांना वाट कुणाला माहीत असते ते, असं मनाशी म्हणत मी ऐटीत गाडी पार्किंगमधून काढली आणि रस्त्याला लागले, डाव्या बाजूने.

“येतंय! येतंय!” मकरंद किंचाळला.

समोरून आलेला पिकअप ट्रक आमच्या नाकासमोर येऊन थांबला आणि त्याने लांबलचक हॉर्न दिला. मागच्या सीटवरून बाबांनी काच खाली केली, हात हलवला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “गुड इव्हिनिंग!”